तिसरा नारळ

ती घटना मी विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, बालाघाटच्या पायथ्याशी असलेले एक ठाणे माझ्याकडे होते. भर उन्हाळ्यात एका सकाळी वनरक्षकाची पत्नी ठाण्यात आली. आदल्या दिवशी फिरतीवर गेलेला नवरा परतला नव्हता. अंमलदाराने नोंद घेतली. बाई रडली नाही. "पानीबी न्हेलं न्हाय त्यांनी," एवढेच म्हणाली.

दुपारपूर्वी खबर मिळाली, की काल चंदनचोरांची जीप घाटाकडे वळली होती. जीपचा चालक आम्ही ताब्यात घेतला. शेजारच्या तालुक्यातला, अंगाने किरकोळ, बोलण्यात नम्र. जबाब एकच : "त्यो घाट म्या जन्मात बगितला न्हाय, साहेब." दरडावूनही शब्द बदलला नाही. त्याला घेऊनच निघालो. वर जंगलात तीन वाटा फुटतात. तिन्ही धुंडाळेपर्यंत तहानेने माणूस राहिला नसता.

रस्ता नावापुरता. जीप पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून हेलकावत चढत होती. अर्ध्या चढावर म्हसोबा आहे. घाट प्रथमच चढणाऱ्याने तेथे नारळ फोडायचा, आणि आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा फोडला तर गाडी दरीत जाते, अशी त्या भागातल्या चालकांची समजूत. आमच्या स्थानिक हवालदाराने पायथ्याशी तीन नारळ घेतले होते. एक मी फोडला, एक आमच्या चालकाने. तिसरा हवालदाराने आरोपीपुढे धरला.

"घे. फोड की! सासुरवाडीला आल्यागत लाजतोस व्हय?"

तो मागे सरकला. "नगं, हवालदारसाहेब. दुसऱ्यांदा फोडत न्हाईत."

हवालदाराचा हात तसाच राहिला. "मग पयला कवा फोडलास?"

आरोपीने म्हसोबाला हात जोडले. "काल. डाव्या वाटंला बांधलाय त्येला, साहेब. जित्ता हुता."

पायवाट सुरू होते तेथे जीप थांबवून आम्ही धावत आत गेलो. वनरक्षक झाडाला बांधलेला होता. ओठ फुटलेले, पण श्वास चालू. घाईत पाण्याचा कॅन जीपमध्येच राहिला होता. तिसरा नारळ मात्र हवालदाराच्या हातात होता. त्याने तो दगडावर आपटला आणि त्यातले पाणी वनरक्षकाच्या तोंडात सोडले.

पुढे रीतसर पंचनामा झाला, खटला चालला, शिक्षा झाली. त्या दिवसापासून मी आरोपी कोणाला भितो, हे आधी विचारत आलो. पोलिसाशी माणूस सहज खोटे बोलतो. पोलिसाची बदली होते. म्हसोबाची होत नाही.