आरतीच्या वेळी झाकलेला पिक्चर

नागम्मा आजी आमच्या सास्तूरच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. खिचडी शिजवायची, पोरांची तोंडं धुवायची, चटया झटकायच्या, ही त्यांची कामं. पण एखादं पोर काही सांगायला आलं की त्या गॅस बंद करतात, हात पदराला पुसतात आणि त्याच्यासमोर खाली बसतात. त्याचं सांगून होईपर्यंत उठत नाहीत. चार वर्षांच्या पोराचं सांगणं लवकर संपत नसतं. ते मांजरापासून सुरू होतं, मामाच्या गावाला जातं, मधेच त्याला रडू येतं. खिचडीला रोज उशीर होतो आणि सेविका सोनालीताई चिडतात.

"आजी, ऐकता ऐकता ढवळता येतं की."

"मला न्हाय येत," आजी म्हणतात.

मीही त्याच अंगणवाडीत होते. हरवलेल्या चपलेची माझी हकीकत त्यांनी एकदा अशीच बसून ऐकली होती. त्यांना हे ढवळणं का जमत नाही, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. धाराशिवला एम.ए. करत होते तेव्हा. आणि कळलं ते एका सिनेमामुळे.

त्या सिनेमाचं खरं नाव लांबलचक, हिंदी-उर्दू होतं. गावात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे त्याला पाखराचा पिक्चर म्हणतात. एक जादूगार सात बहिणींपैकी सहाजणींना दगड करतो आणि धाकटीला पाखरू. ते पाखरू डोंगरामागच्या काळ्या तळ्यावर येऊन बसतं. शेवटी जादूगार मरतो, दगडांच्या मुली होतात आणि सहाजणी हात धरून घरी जातात. सातवीचं नाव कुणी काढत नाही.

गावानं हा सिनेमा त्र्याण्णवच्या गणपतीत, विसर्जनाच्या दोन दिवस आधी, मांडवात व्हिडिओवर बघितला. पाखरू तळ्यावर आलं आणि आरतीची वेळ झाली. व्हीसीआर मधेच थांबवला की कॅसेट आत गुंतते, अशी चालवणाऱ्या मल्लेशकाकांना धास्ती. म्हणून कॅसेट चालूच ठेवायची, आवाज बंद करायचा आणि टीव्हीवर चादर टाकायची, अशी त्यांची रीत होती. देवासमोर आरती चालू असताना पडद्यावर नाचगाणं दिसायला नको. त्या दिवशी आरत्या लांबल्या. चादर काढली तेव्हा दगड जागे होत होते. मागं फिरवून बघायला वेळ नव्हता, कॅसेट पुढं माकणीच्या मांडवात जायची होती.

तेव्हापासून पाखराचं काय झालं यावर गावात वाद आहे. मल्लेशकाकांचं आता डिश दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर मी लहानपणापासून हा वाद ऐकत आले.

"जादूगारानं खाल्लं आसंल," बिराप्पाकाका म्हणायचे.

"खाल्लं आसतं तर पिसं न्हाय का दिसली आसती? ते उडून गेलं दुसऱ्या पिक्चरमधी."

"तूच चादर टाकलास आन तूच आता थापा मार."

नागम्मा आजी तिथून जात असल्या की दोघंही बोलणं बदलायचे. ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तो सिनेमा मला मोबाईलवर सापडला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा सहज आजींना सांगितलं. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "सगळा हाय?"

"असेल की."

त्यांनी हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली, लुगडं बदललं. मला हसू आलं होतं, ते मी दाबलं. त्यांच्या ओसरीवर आम्ही मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. पाखरू तळ्यावर येऊन बसलं तेव्हा आजींनी माझं मनगट धरलं. पडदा एकदा काळा झाला, गाण्याची अर्धी ओळ वाजली आणि दगड जागे व्हायला लागले.

"मधलं कुठं हाय?"

मी मागं घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. "यात नाही आजी. तुटलंय."

"हितं बी आरती झाली, व्हय?"

मग त्यांनी मला शिवप्रियाबद्दल सांगितलं. ती त्यांची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. त्या दिवशी सगळा मांडव टाळ्या वाजवत उभा असताना ती टीव्हीवरच्या चादरीत शिरली होती. आरत्या संपेपर्यंत तिनं आतून, काचेला नाक लावून, बिनआवाजाचा सिनेमा बघितला. आजींनी तिला चादरीतून ओढून काढलं तेव्हा चारचौघी हसल्या. आजींना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती आईच्या मागं मागं होती. अव्वा, ऐक की. अव्वा, त्या पाखराचं काय झालं, मलाच ठाव हाय. आजी स्टोपाशी बसून शेंगांच्या पोळ्या करत होत्या. त्या म्हणाल्या, "देवाला पाठ करून बघितलेलं मला सांगू नगंस." तरी ती सांगतच राहिली. स्टोच्या आवाजात तुकडे तेवढे कानावर पडले. तळ्याचं पाणी. एक पीस. 'आन मग अव्वा, ती म्हातारी...' आजींनी स्टोला पंप मारला. नंतर सांग म्हणाल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. घरात पाहुणे होते. आणि त्यानंतरच्या पहाटे भूकंप झाला.

एवढं सांगून आजी तांब्यातलं पाणी प्यायल्या. "पिक्चर दिसला आसता तर ती काय सांगत होती ते कळलं आसतं," त्या म्हणाल्या.

सिनेमाच्या खाली लोकांच्या शेकडो प्रतिक्रिया होत्या. जुन्या सिनेमांचे शौकीन वर्षानुवर्षं तिथं भांडत होते. मूळ सिनेमा एकोणीस मिनिटांनी मोठा होता, आज कुठल्याच प्रतीत ती मिनिटं नाहीत, असं एकानं लिहिलं होतं. बाकीचे अंदाज करत होते. पाखरू म्हणजे त्या बहिणींची मेलेली आई. सातवी मुलगी नव्हतीच, जादूगाराला झालेला तो भास. नटीचं निर्मात्याशी बिनसलं म्हणून तिचा शेवट कापला. मी एकेक वाचून दाखवत होते. आजी प्रत्येक शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

"हे न्हाय. ह्यात म्हातारी कुठं हाय?"

मी तिथं लिहिलं, की आमच्या गावातल्या एका मुलीनं तो भाग बघितला होता. त्यात तळ्याचं पाणी, एक पीस आणि एक म्हातारी होती. दोन दिवसांत उत्तरं आली. पुरावा काय, असं तिघांनी विचारलं. एकानं लिहिलं, छान थिअरी आहे, पण पटत नाही. ही उत्तरं मी आजींना वाचून दाखवली नाहीत. त्या रोज विचारायच्या, "आलं का काय?" मी नाही म्हणायचे.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी राजशेखर नावाच्या एका गृहस्थांचं लिहिणं आलं. सोलापूरला लहानपणी थेटरात त्यांनी हा सिनेमा बघितला होता. 'तुमची मुलगी बरोबर सांगते,' त्यांनी लिहिलं होतं. 'तळ्याच्या काठी म्हातारी असते. पाखरू स्वतःचं पीस चोचीनं उपटून तिला देतं. पुढचं आता आठवत नाही.'

मी मोबाईल घेऊन अंगणवाडीत गेले. आजींनी गॅस बंद केला आणि खाली बसल्या. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. 'तुमची मुलगी बरोबर सांगते,' हे वाक्य तिसऱ्यांदाही.

"केवढे आसतील हे?" त्यांनी विचारलं.

"सत्तरीच्या पुढचे असावेत."

"मग लवकर इचार. पुढं काय झालं म्हणावं. आठवून बघा म्हणावं."

मी विचारलं. सोनालीताईंनी पोरांना ताटल्या घेऊन बसवलं होतं, पोरं त्या वाजवत होती. त्या दिवशी न चिडता ताईंनी स्वतःच जाऊन गॅस लावला. थोड्या वेळानं उत्तर आलं. 'खूप प्रयत्न केला, नाही आठवत. पण तुमच्या मुलीनं तर अलीकडे बघितलेला दिसतो. तिलाच विचारा ना. मलाही कळवा. साठ वर्षं मी हेच शोधतोय.'

मी ते वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, असं वाचून झाल्यावर वाटलं. आजी जमिनीवरचा तांदळाचा एक दाणा बोटानं पुढं ढकलत राहिल्या.

"काय लिहू आजी?"

"लिही. तिनं समदं सांगितलं होतं."

मी लिहिलं.

"म्या ऐकलं न्हाय. हे बी लिही."

मी तेही लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि 'पाठव' म्हणाल्या. एक पोरगी ताटली घेऊन त्यांच्या खांद्याशी येऊन उभी होती. आजींनी तिच्याकडे तोंड वळवलं.