इंजिनाचं खरं वजन

आमच्या विमानानं जमीन सोडली नाही, त्याचा दोष माझ्या मित्राच्या पंखांना लागला. चूक माझी होती.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका माणसापुरतं हलकं विमान बांधायला घेतलं. नकाशा त्यानं निवडला आणि लाकडी पंखही त्यानंच केले. तो चित्रकलेचा मास्तर, हात फार सफाईदार. इंजिन मी निवडायचं, कारण माझा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला. नकाशात इंजिनाला साठ किलोंची मर्यादा होती. लहान टू-स्ट्रोक इंजिनावर माझा भरवसा नव्हता. मी जुन्या मोटारीचं इंजिन आणलं, कापसाच्या काट्यावर नुसतंच तोललं आणि त्याला अठ्ठावन्न सांगितलं. रेडिएटर, पाणी, बॅटरी मुद्दाम धरली नाही. धरली असती तर त्यानं ते इंजिन परत न्यायला लावलं असतं.

समुद्रपूरजवळच्या माळावर विमान नुसतंच धावत राहिलं.

"मास्तर, पंख काऊन लावले? नांगर लावा ना!" लोक हसले.

मित्रानं पंख करवतीनं कापले. खरं वजन मी सांगितलं नाही.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, त्याला सगळं सांगितलं.

"खरं किती भरत होतं?"

"ब्याऐंशी."

त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली, दोनदा तपासली.

"म्हणजे माहे पंख बरोबर होते."

"बरोबर होते."

"मंग हे मले एकट्याले काऊन सांगून राह्यला बे? जे हासले, त्यायले सांग!"

ते सगळे आता भेटायचे नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.