तात्यांचा कावळा आणि माझा दहा वॅटचा डबा

आमच्या तात्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा अख्ख्या मिरजगावानं एकमतानं ठरवलं की दोष माझ्या गिटारच्या डब्याचा आहे. (आमच्या गावात एकमत ही दुर्मीळ गोष्ट. पाण्याच्या टाकीची जागा कुठं, हे ग्रामसभेत अजून ठरायचं आहे.)

डबा म्हणजे गिटारचा अॅम्प्लिफायर. माझं स्टँडजवळ पाइपांचं आणि ठिबकचं दुकान आहे. वय सेहेचाळीस. या वयात माणसाला बीपी, चष्मा किंवा गिटार यांपैकी एक काहीतरी होतंच. मला तिन्ही झाली! गिटार घेतली, तेव्हा नगरच्या दुकानदारानं हा दहा वॅटचा डबाही गळ्यात मारला. आकारानं गोडेतेलाच्या डब्याएवढा, पुढं जाळी, वर चार खुंट्या आणि एक लाल बटण.

"साहेब, ही सॉलिड स्टेट वस्तू आहे," दुकानदार म्हणाला. "आत काचेच्या नळ्याबिळ्या नाहीत, सगळं ट्रान्झिस्टरवर. पडलं, आपटलं तरी काही होत नाही."

"आणि वाजवता येत नसलं तर?"

"मग हे लाल बटण दाबायचं."

माणूस खरा होता. लाल बटण दाबलं की आवाज असा फाटतो, की चूक कुठं संपली आणि कला कुठं सुरू झाली हे वाजवणाऱ्यालाही कळत नाही. त्या दिवसापासून मी ते बटण कधी वर येऊ दिलं नाही.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आवाज चार शेतं ओलांडून जाणारा. संध्याकाळी सात वाजता मी डबा चालू केला की पलीकडून भिंतीवर काठी वाजायची.

"आरुन्याऽऽ! म्हस आटली तर दूध तुझ्या दुकानातनं आनीन!"

मग एके दिवशी तात्या गेले. एक्क्याऐंशीव्या वर्षी, दुपारचं जेवून, पान खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. असं मरण मागून मिळत नाही, असं जो तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. लहानपणी पाटात पोहायला त्यांनीच शिकवलं होतं मला. पण त्या वाईट वाटण्यात थोडी भीतीही होती, कारण ते माझ्याशी शेवटचं जे बोलले ते होतं, "बंद कर ते कांडप!"

आता आमच्याकडचा दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. नदीच्या घाटावर मांडव, चारपाचशे माणूस, महाराजांचं प्रवचन, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. आणि हे सगळं कुठपर्यंत? तर पिंडाला कावळा शिवेपर्यंत! कावळा शिवला की पुढारी वाक्याच्या मधोमध असला तरी माणसं उठून चपला शोधायला लागतात. सभेचा अध्यक्ष कोणीही असो, सभा बरखास्त करतो तो कावळा.

दहाव्याच्या सकाळी सातला तात्यांचा मुलगा बाळू धावत आला.

"आरुन, घात झाला! स्पीकरवाला काल कर्जतला हळदीला गेल्ता, त्यो तिथंच आडाकला. तुझा डबा काढ."

"आरं बाळू, ती सरावाची वस्तू हाय. एका खोलीपुरती!"

"एका खोलीपुरती? मग तात्यांना भितीपल्याड कसं ऐकू जायचं?"

शाळेतून माईक आणला. त्याची पिन डब्यात बरोबर बसली, हे दुर्दैव. घाईत गिटारची पिशवीही उचलली, कारण वायर कुठल्या कप्प्यात आहे ते आठवेना. घाटावरच्या दिव्याच्या खांबावरून लाईट घेतली. अर्थिंगचा पत्ता नव्हता, त्यामुळे डबा चालू करताच त्यातून 'घूंऽऽऽ' असा आवाज सुरू झाला. वीसपंचवीस कावळे समोरच्या लिंबावर वेळेवर हजर होते. त्यांनी माना वाकड्या करून डब्याकडे पाहिलं.

महाराज उठले. डोळे मिटून, धीरगंभीर होऊन म्हणाले, "मृत्यू हेच अंतिम सत्य आहे."

मी लाल बटण वर करायला विसरलो होतो!

घाटावर जो आवाज उमटला तो महाराजांचा नव्हताच. प्रत्यक्ष मृत्यूनंच माईक हातात घेतला होता. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना मिठी मारली. महाराजांनी डोळे उघडून मागे पाहिलं, की आपल्यामागून कोण बोललं. मी वाकून, धोतराच्या सोग्यावर पाय देत (महाराजांच्या), डब्यापर्यंत पोचलो आणि बटण वर केलं. तोवर लिंबावर सातच कावळे उरले होते.

त्यानंतर साहेब बोलायला उठले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांना माईक हातात घेऊन पुढं-पुढं सरकायची सवय. ते सरकत सरकत डब्यासमोर आले आणि डबा किंचाळला, "कुईंऽऽऽऽ!"

साहेब घोषणाबाजीत वाढलेले. त्यांना वाटलं, विरोधक. त्यांनी आवाज चढवला. डब्यानंही चढवला! "तात्यांसारखा माणूस..." "कुईंऽऽ!" "...पुन्हा होणे..." "कुईंऽऽ!" पाच मिनिटं अशी जुगलबंदी चालली. शेवटी मी वायर ओढून डबा मागं नेला, तेव्हा साहेब विजयी मुद्रेनं खाली बसले. लिंबावर आता एकच कावळा होता. बाकीचे कर्जतच्या दिशेनं गेले होते.

पिंड मांडला. भोवतीची माणसं बाजूला झाली. त्या एकट्या कावळ्यानं पिंडाकडे पाहिलं आणि तो पंखातली ऊ शोधायला लागला.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. उन्हाचा चटका बसायला लागला. तात्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या नानी, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. एरवी नानी म्हणजे सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई, पण आता त्यांची नजर त्या कावळ्यावरून हलत नव्हती. "काय राह्यलं आसंल वो ह्यांचं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

नानी उसळल्या. "गवताचा? साठ वर्सं संसार केलाय म्या त्यांच्यासंगं, आन् वाटंला लावताना गवतावर भागवू व्हय? खराच पायजे!"

मग नेहमीप्रमाणे शब्द देणं सुरू झालं. मेलेल्याची कसली इच्छा राहिली असेल ती जिवंतांनी मोठ्यानं कबूल करायची, म्हणजे कावळा शिवतो. बाळू पुढं झाला. "तात्या, म्हस इकनार न्हाई!" कावळा हलला नाही. जावईबापू म्हणाले, "मामा, बांधाचं भांडान मिटावतो!" नाही. नानी म्हणाल्या, "गोळ्या येळंवर घीन." नाही. साहेबांना राहवलं नाही. तेही उठले. "तात्या, तुमच्या वस्तीचा रस्ता पावसाळ्याच्या आत डांबरी होणार!" कावळ्यानं सरळ पाठ फिरवली. (त्यानं मागचीही निवडणूक पाहिलेली असावी.)

तेवढ्यात नानींची नजर माझ्यावर आली.

"आरुन! ह्यांचा जीव त्या डब्यात आडाकलाय. सात वाजले की काठी शोधायचे. तू बोल!"

पाचशे माना माझ्याकडे वळल्या. बाळूनं माईक माझ्या हातात कोंबला. म्हणजे डब्याबद्दलची माफी मी डब्यातूनच मागायची होती! घसा खाकरला. ते खाकरणंही नदीपलीकडे पोचलं.

"तात्या, आवाज कमी ठेवीन."

कावळ्यानं फांदीवर चोच पुसली.

"तात्या, फक्त रविवारी वाजवीन."

कावळा एक फांदी खाली उतरला! मांडवात लाट उसळली. "उतारला, उतारला!" "आजून सोड, आरुनशेट!" "आरं, रईवारला काय धरून बसलास?" बाजारात बैलाचा सौदा तुटायला आला की बघे जसे मध्ये पडतात, तसे लोक मध्ये पडले.

मी शेवटचा डाव टाकला. "तात्या, हेडफोन लावून वाजवीन! डब्याला तशी सोय आहे!"

कावळा पुन्हा दोन फांद्या वर गेला.

"लेका, तात्यांना काय ठावं हेडफोन!" बाळू ओरडला. "एकदाचं म्हन की, वाजवनारच न्हाई!"

मी माझ्या बायकोकडे पाहिलं. मंगलनं हात जोडले होते. देवाला नव्हे, मला! दोन वर्षं ती या क्षणाची वाट पाहत असावी.

काय सांगू? सेहेचाळीस वर्षांत पाइप, एल्बो आणि वॉशर सोडून मी स्वतःसाठी असं एवढंच केलं होतं. पण समोर नानी बसल्या होत्या. मी डोळे मिटले. "तात्या, आजपासून गिटार बंद. कधीच वाजवणार नाही."

कावळा उडाला! पाचशे माणसांनी श्वास रोखला. त्यानं पिंडावरून एक घिरटी घेतली, मांडवावरून दुसरी घेतली आणि पुन्हा त्याच फांदीवर जाऊन बसला.

मी सर्वस्व सोडलं होतं आणि ते पुरलं नव्हतं. अशा वेळी माणसानं कुठं बघायचं असतं? मी चपलांकडे बघत राहिलो.

नानी एकदम ताठ बसल्या. "वाजवनार न्हाई म्हनला, तरी येईना. म्हंजी ह्यांना ऐकायचंय!"

"आई, काय बोलती तू?" बाळू म्हणाला. "तात्या भित बडवायचे!"

"बडवायचे. पन ऐकल्याबिगर बडवायचे का?"

या मुद्द्याला तोड नव्हती. महाराजांना साडेदहाला माहीजळगावच्या बाजूला दुसऱ्या दहाव्याला पोचायचं होतं. त्यांनी लगेच घड्याळाकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं. "भाव महत्त्वाचा," ते म्हणाले. "वाजवा."

झालं! पाच मिनिटांपूर्वी ज्या वादनाचा मी जाहीर त्याग केला होता, ते मला करायला लावण्यात आलं. कोणीतरी घमेलं उपडं घातलं, त्यावर बसलो. माईक काढून गिटार जोडली. मला एकूण तीन कॉर्ड येतात, तेही बसून. पाचशे लोकांसमोर उघडं पडायची हिंमत होईना, म्हणून मी हळूच लाल बटण दाबलं आणि डोळे मिटून पहिला कॉर्ड छेडला.

भांड्यांवरची झाकणं थरथरली. कुणाचं तरी बारकं पोर रडायला लागलं. आणि त्या आवाजाचा पहिला तडाखा विरायच्या आत, लिंबावरून तो कावळा फेकलेल्या दगडासारखा खाली आला! शिवला कसला, पिंड उलटापालटा केला त्यानं. मोठा घास चोचीत धरून माझ्याकडे बघत उभा राहिला.

"शिवलाऽ! शिवलाऽ!"

पाचशे माणसं उठली. चपलांची झुंबड उडाली. साहेब गाडीकडे, महाराज दुसऱ्या दहाव्याकडे. माझी बोटं दुसऱ्या कॉर्डवर जाऊन बसली होती, ती तशीच राहिली.

नानींनी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "खूस झालं रं माझं मालक! आईकलं आन् मगच गेलं." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही रडू आलं. बाळूचं म्हणणं मात्र वेगळं पडलं आणि गावानं तेच उचलून धरलं. "तात्या म्हनले आसतील, शिवतो बाबा, पन आधी ह्याला थांबीवा!"

त्यातून माझ्या वचनाचा प्रश्न उभा राहिला. मेलेल्याला दिलेला शब्द मोडायचा कसा? नानींनी निवाडा दिला. "घरी वाजवायचं न्हाई. घाटावर वाजिवलं तर त्यांची ना न्हाई."

मंगलला हा निवाडा इतका आवडला, की तिनं त्या दिवशी पुरणपोळी केली असती, पण सुतक होतं.

आणि मग फोन यायला लागले. पहिला कर्जतहून. "तुमीच का ते डबेवाले? आवो, आमच्या आज्जीला सकाळपासनं कावळा शिवना झालाय." मी दुकान मंगलवर सोपवलं, डबा स्कूटरच्या पुढं पायात ठेवला आणि गेलो. एका कॉर्डात काम झालं! त्यांनी टॉवेल-टोपी देऊन माझा सत्कार केला. मग श्रीगोंद्याकडून बोलावणं आलं, मग जामखेडकडून. एकदा तर राहात्याहून माणसं जीप घेऊन न्यायला आली. आता आमच्या कपाटात सतरा टोप्या आहेत. दुकानात पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आदरानं विचारतं, "आरुनशेट, सध्या कार्यक्रम कुठं?"

कलावंताला आणखी काय हवं असतं? मागणी आहे, मान आहे, आणि कार्यक्रम आजवर एकदाही वाया गेलेला नाही. खंत एवढीच आहे, की या सबंध जिल्ह्यात माझा दुसरा कॉर्ड ऐकून घेण्याइतका दम असलेला कावळा मला अजून भेटायचा आहे.