ओसरीवरून चालू होणारी जीप

माझं माहेर जळगाव शहरातलं आणि सासर साक्री तालुक्यातल्या एका मोठ्या गावातलं. लग्न होऊन आले ते दिवस नव्वदीच्या सुरुवातीचे. घरात सासरे, सासूबाई, माझे यजमान आणि दारातली एक जीप. जीपही माणसांतच मोजायची पद्धत होती. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायला लागले.

नणंद कुवेतला राहायची. तिचे यजमान दर वर्षी सुट्टीवर आले की बॅग भरून वस्तू आणायचे आणि जावयाने आणलेली वस्तू वापरलीच पाहिजे असा नानांचा कडक नेम होता. एकदा त्यांनी जाड केसाळ ब्लँकेट आणलं. जावई मुक्कामाला होते तेवढे दिवस नाना भर मे महिन्यात ते पायांवर घेऊन बसले. घाम पुसायचे आणि म्हणायचे, "ऊब चांगली आहे."

पुढच्या सुट्टीत जावयांनी एक काळा डबा आणला. त्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुबका बाहेर आलेला, सोबत किल्लीच्या साखळीला अडकवायचं छोटं बटण. एसटीची वेळ होत आली होती, म्हणून त्यांनी पायरीवर उभ्याउभ्याच समजावलं. "दूर बसून हे बटण दाबायचं. गाडी आपोआप चालू. तुम्ही जाऊन बसेपर्यंत आतलं सगळं गार झालेलं असतं. आता दिवाळीला येतो तेव्हा बघतोच."

आमच्या जीपला दारं नव्हती. वर ताडपत्रीचं छत, बाकी चारी बाजूंनी साक्रीचा वारा. त्यात गार काय करायचं हे जावयांना विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. पण दिवाळीला बघतोच म्हणाल्यावर डबा बसवणं भाग होतं.

त्या जीपबद्दल थोडं सांगायला हवं. पेट्रोलवर चालायची, खूप जुनी. तिची किल्ली मी लग्न होऊन यायच्या आधीच कुठेतरी हरवली होती. मग कोणीतरी दिव्याचं साधं बटण आणि घराच्या बेलचं पांढरं बटण डॅशबोर्डवर ठोकून दिलं होतं. एक खाली करायचं, दुसरं दाबायचं, गाडी चालू. हँडब्रेकचा दांडा जागेवर होता, पण तो ओढला काय नि सोडला काय, गाडीला फरक पडत नसे. म्हणून ती चालवणारे आमचे ड्रायव्हरभाऊ गाडी उभी केली की पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायचे आणि चाकाखाली दगड लावायचे. घरापुढचा रस्ता उतरता होता.

माझे यजमान ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून डब्यासोबतचं छोटं पुस्तक वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. ते कवितेचे शिक्षक. दोन पानं वाचून झाल्यावर गंभीर होऊन म्हणाले, "नाना, हाताने गिअर टाकायच्या गाडीला हे लावू नये असं लिहिलंय."

"मग बरं शे ना," नाना म्हणाले. "मी कुठे टाकतो गिअर? ड्रायव्हर टाकतो."

 यजमानांनी पुस्तक मिटलं.

धुळ्याहून एक मिस्तरी बोलावला. तो ट्रकांना गाणारे हॉर्न बसवण्यात प्रसिद्ध होता. असला डबा त्याने कधी पाहिला नव्हता, पण तसं तो बोलला नाही. सकाळपासून जीपखाली नि जीपवर त्याचं काम चाललं. बसायला काही नव्हतं म्हणून त्याने चाकाखालचा दगड काढून घेतला आणि त्यावर बसला. ड्रायव्हरभाऊ समोर निंबाखाली उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाना, गाडी सोता चालू व्हई तर मी काय करू?" त्यांनी एकदा विचारलं.

"तू आराम कर," नाना म्हणाले. त्यांच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. पण भाऊंना ते फार लागलं.

चहाच्या सुमाराला मिस्तरीने हात पुसले, चोक ओढून ठेवला आणि बटण नानांच्या हातात दिलं. ओसरीवर आम्ही सगळे जमलो. शेजारच्या घरांतल्या बायका भिंतीवरून वाकल्या. मी कपांचा ट्रे घेऊन दारातच थांबले. नाना झोपाळ्यावर नीट बसले, टोपी सारखी केली आणि बटण दाबलं.

जीपने एक हिसका दिला, घरघरली, आणि चालू झाली. तिथेच न थांबता ती निघाली. गिअर पहिलाच पडलेला होता.

वेग काही फार नव्हता. माणूस शेतावर निघतो तसा. आत कोणी नाही, स्टिअरिंग एकटंच किंचित डुलतंय आणि जीप फाटकातून नीट बाहेर पडून उतारावर लागली. "थांबाड!" सासूबाई ओरडल्या. नानांनी पुन्हा बटण दाबलं. जीप थांबली. सगळ्यांनी हुश्श केलं. नानांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं की नाही, म्हणून त्यांनी ते आणखी एकदा दाबलं. जीप परत हिसका देऊन चालू लागली.

असं दोनतीनदा झालं. दाबलं की थांबायची, घाबरून पुन्हा दाबलं की निघायची. शेवटी ती इतकी लांब गेली की बटणाचा उपयोगच होईना. नाना झोपाळ्यावरून उठून पळाले, मागे यजमान, मागे मिस्तरी. ड्रायव्हरभाऊ केव्हाच जीपच्या बाजूने धावत होते. दारं नव्हती, सहज चढता आलं असतं. पण मिस्तरी मागून ओरडला, "कोणी हात लावू नका! वायरी उघड्या आहेत!" भाऊंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि नुसतेच सोबत धावत राहिले. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, भाऊ जीपला पोचवायला निघालेत.

मीही ट्रे हातात घेऊनच फाटकापर्यंत गेले. तिथून जे दिसलं ते मी आजवर विसरले नाही. पारावरच्या म्हाताऱ्याने नेहमीच्या सवयीने हात वर केला आणि म्हणाला, "राम राम, नाना." डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येणारी एक सून रस्त्याच्या कडेला झाली आणि जीप समोरून जाईपर्यंत पदर सावरून खाली मान घालून उभी राहिली. नानांच्या जीपसमोर तसंच उभं राहायचं असतं. आत नाना आहेत की नाहीत ते वर बघून कोण तपासणार?

रस्ता जिथे वळतो तिथे जीप वळली नाही. समोर एका आबांचं घर आणि खळं होतं. तिथल्या कडब्याच्या गंजीत ती नाक खुपसून बंद पडली. कोणाला ओरखडाही आला नाही.

आता हे आबा आणि नाना शेताच्या बांधावरून भांडले होते आणि मी लग्न होऊन आल्यापासून तरी एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नव्हते. समोरासमोर आले तर एकजण टोपी झटकायचा, दुसरा आभाळाकडे बघायचा. आवाज ऐकून आबा घरातून बाहेर आले. त्यांनी पाहिलं, नानांची जीप आपल्या कडब्यात शिरलीय आणि शेजारी नाना धापा टाकत उभे आहेत.

पुढचं सगळं यजमानांनी मला घरी आल्यावर सांगितलं. आबांनी सवयीने टोपी झटकली. मग आबांनी विचारलं, "तू उना? मना दारमा?"

नानांनी आल्याचं कबूल केलं, "उनू."

"ड्रायव्हर कथा शे?"

"मागून येतोय." हे खोटं नव्हतं. वळणाआधीच भाऊंची चप्पल तुटली होती आणि ते खरंच मागून येत होते.

आबांनी जीपकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, मग नानांकडे. "गाडी शिकी राहिना का तू? ह्या वयमा?"

नानांसमोर दोन वाटा होत्या. जीप आपली आपण आली हे सांगायचं, नाहीतर हो म्हणायचं. "शिकी राहिनू," ते म्हणाले.

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, असं यजमान म्हणाले. माझ्याकडे यायला एवढी गाडी शिकलास, असं काहीतरी पुटपुटले आणि नानांच्या खांद्याला धरून त्यांना आत घेऊन गेले. चहा झाला. बांधाचं नाव कोणी काढलं नाही. नाना घरी आले तेव्हा बटण अजून त्यांच्या मुठीत होतं.

"काढून टाका तो डबा," सासूबाई म्हणाल्या. मिस्तरीही काढायला तयार होता, त्याचा रंगच उडाला होता. पण नाना ऐकेनात. दिवाळी जवळ येत होती. "काढायचा नाही. धोका नको व्हायला, एवढं बघा."

मग खरं काम सुरू झालं. यजमानांनी पुस्तक पुन्हा उघडलं. या वेळी त्यांनी ते शेवटच्या पानापासून वाचलं, कारण सावधगिरीच्या सगळ्या सूचना तिथे होत्या. ते एकेक वाक्य मराठीत सांगायचे, मिस्तरी मान हलवायचा, मग दोघं बराच वेळ वाद घालायचे. मिस्तरीने धुळ्याहून हँडब्रेकची नवी केबल आणली. उघड्या वायरी कथिलाचा डाग देऊन जोडल्या, वर टेप गुंडाळला, बॅटरीजवळ फ्यूज बसवला. बॉनेटखाली एक बटण लावलं. बॉनेट उघडं असलं की गाडी चालूच होणार नाही, म्हणजे कोणाचा हात पंख्यात जाणार नाही. फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लावणारं छोटं बटण असतं ना, तसलं एक त्याने गिअरच्या दांड्याजवळ बसवलं. दांडा मधोमध, म्हणजे कुठल्याच गिअरमध्ये नसेल, तरच करंट पुढे जाणार. शिवाय सीटखाली एक वेगळा स्विच, तो बंद केला की डबा मेलेला. जीप शेडमध्ये असताना चालू करायची नाही, धूर कोंडतो, हेही ठरलं. रिमोट देवघराशेजारी उंच खिळ्याला लटकला.

एवढं होऊनही फ्रिजच्या बटणावर कोणाचा पूर्ण विश्वास बसेना. जीप इतकी हादरायची की ते कधीकधी स्वतःच दाबलं जायचं. यजमान म्हणाले, "चालू करताना ब्रेकवर कोणीतरी पाय ठेवून बसलेलं बरं."

सगळ्यांनी ड्रायव्हरभाऊंकडे पाहिलं. भाऊंचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला.

तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी असं चालायचं. भाऊ जीपजवळ जायचे. हँडब्रेक ओढायचे, दांडा मधोमध आणून हलवून बघायचे, पुढच्या चाकाला दगड लावायचे, सीटखालचा स्विच चालू करायचे, आत बसून ब्रेक दाबायचे आणि हात वर करायचे. नाना झोपाळ्यावरून विचारायचे, "बठना का?"

"बठनू!"

मग नाना बटण दाबायचे. जीप चालू व्हायची. भाऊ उतरून दगड काढायचे, परत बसायचे आणि गाडी पायरीशी आणायचे. बेलचं पांढरं बटण सगळा वेळ भाऊंच्या हाताशी असायचं, पण त्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता.

इकडे आबा रोज निरोप पाठवायचे, शिकलास का, शिकलास का. नानांना खरोखरच गाडी शिकावी लागली. भाऊ शेजारी बसायचे आणि नाना धोतर आवरून पिंपळनेर रस्त्यावर क्लच दाबायचे. क्लच सोडताना ते डोळे मिटायचे. भाऊ इतक्या हळू आवाजात सूचना द्यायचे की जणू आजाऱ्याशी बोलतायत. महिन्याभरात नाना आबांच्या खळ्यापर्यंत जाऊन यायला लागले.

दिवाळीला जावई आले. फराळ झाल्यावर नानांनी त्यांना झोपाळ्यावर बसवून रिमोट हातात दिला. भाऊंनी हात वर केला, जावयांनी बटण दाबलं, जीप पहिल्या फटक्यात चालू झाली. जावई खूश झाले. मग त्यांनी नीट बघितलं.

"नाना, तो आत का बसलाय?"

"सुरक्षेसाठी."

जावई विचारात पडले. "त्याच्याजवळही बटण आहे ना?"

"आहे."

"मग त्यानेच दाबलं तर?"

"मग तुम्ही आणलेला डबा कशाला?" नानांनी शांतपणे विचारलं.

जावयांनी करंजी उचलली. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्यांना टॉवेल आणले.

पुढे तीनचार वर्षांनी जीपचं इंजिन थकलं आणि ती पिंपळनेरच्या एका माणसाने घेतली. न्यायला आला तेव्हा भाऊंनी त्याला सकाळचा सगळा क्रम साग्रसंगीत करून दाखवला. तो म्हणाला, "माझ्याकडे ड्रायव्हर नाही."

"मंग डबा काढी टाका," भाऊ म्हणाले आणि यजमानांनी वायरी कापल्या. कापल्यावर कळलं की मिस्तरीने बेलच्या बटणाची वायरही त्या डब्यातूनच फिरवली होती. आता बेलच्या बटणानेही गाडी चालू होईना. मग मी, यजमान, भाऊ, तो पिंपळनेरचा माणूस, सगळे ढकलायला लागलो. नाना स्टिअरिंगवर बसले. उतारावर जीपने एकदोन खोकले दिले आणि सुरू झाली. ती बंद पडेल या भीतीने नाना थांबेनात. घेणारा माणूस हसत, ओरडत मागे धावत होता आणि कसाबसा छताच्या दांड्याला धरून चढला.

नानांनी वळण झकास घेतलं. गावाच्या शिवेपर्यंत जीप त्यांनीच नेली. तिथे उतरले, त्या माणसाच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग चपला काढून हातात घेतल्या आणि शेतातल्या मऊ वाटेने चालत घरी आले. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "सूनबाई, दुसऱ्या गिअरमध्ये चांगली चालते हां ती."