दुसरी दुर्पता

दुर्पता एका दुपारी मेली आणि दिवस बुडायच्या आत परत आली. चिचगडपलीकडच्या तिच्या गावात ही गोष्ट लहान पोरंही रंगवून सांगतात. पण जिच्यावर बेतली ती बाई त्यावर तोंड उघडत नव्हती.

एरवी ते तोंड मिटलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ! मोहफुलं वेचताना एकदा अस्वल समोर आलं, तर तिने त्याला असल्या शिव्या हासडल्या की ते बिचारं आल्या वाटेने निघून गेलं. नवरा टेकचंद तर घरातलं बोलायचं काम तिच्यावर सोपवून कधीचाच मोकळा झाला होता. हीच बाई २००४ सालच्या त्या तापानंतर पान वाजलं तरी दचकू लागली. वाटेवर खाकी कपड्यातला माणूस दिसला की सुनेचा हात धरून तिला आत ओढी आणि कवाड लावून घेई. लोक म्हणत, मरून आल्यावर भित्री झाली. का झाली, ते कुणाला माहीत नव्हतं.

सून म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची पोर. बहिणीच्या मायेपोटी भावाने लेकीचं नावही दुर्पताच ठेवलं होतं, आणि त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे ती आत्याच्याच घरी, तिच्या लेकाची, दुर्गेशची, बायको होऊन आली. झालं! एका घरात दोन दुर्पता. तेंदूपत्ता विकायच्या फळीवर पानांचे पुडे मोजून घेणारा मुंशी दर हंगामात घोळ घाली. "अगा बाबू, हे पुडे माहे नोहोत, दुसऱ्या दुर्पताचे होत. माही सून, तिकडं बसली पाय," असं बोट दाखवून सांगता सांगता सासूची जीभ झिजली. शेवटी कंटाळून तिनेच सुनेला दिव्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सारं गावच तसं म्हणू लागलं.

मग सासूला तो ताप आला आणि मेंदूत चढला. अंग गार पडलं, श्वास कळेना. बायांनी तिला खाटेवरून खाली घेतलं, माणसं सब्बल-फावडी घेऊन खड्डा खणायला गेली. त्या वेळी दुर्पता मात्र चालत होती. जंगलखात्याच्या नाकेदारांसारखे खाकीतले दोघे तिला दंडाला धरून नेत होते. एका सागाखाली मुंशी बसला होता. त्याने तिला निरखून मान हलवली. "हे नोहे. दुसरी दुर्पता पाहिजे." आणि वर्षानुवर्षांची सवय! तिच्या तोंडून निघून गेलं, "ते माही सून होय, घरीच हाये." तिने बोटसुद्धा दाखवलं.

डोळे उघडले तेव्हा उशाशी सूनच रडत बसली होती. गाव हरखलं, खड्डा बुजवला गेला. दुर्पता मात्र भीतीने गोठली. आपणच पत्ता दिला. आता ते पोरीला न्यायला येणार. हे सांगायचं तरी कुणाला? सांगितलं तर पोर धसक्यानेच जाईल.

हिवाळ्यात नागपूरहून प्रेमिला मॅडम आल्या. मेली समजलेली आणि परत आलेली माणसं शोधत त्या गावोगाव हिंडत. टेप लावून विचारत, मग तेच घरच्यांना वेगळं विचारून ताडून बघत. ऐकताना हसत नसत आणि हातही जोडत नसत.

"काईच नाई दिसलं," दुर्पता म्हणाली. "अंधार होता."

"कुणी नाव घेतलं का? काही जण सांगतात, चुकून नेलं, त्याच नावाचं दुसरं माणूस हवं होतं. या गावात दुसरी दुर्पता आहे?"

"नाई ना वो मॅडम! मी एकटीच आहो!" दुर्पता एवढ्या जोरात बोलली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

कोरा चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली. "खोटं कायले सांगता, आत्या? मॅडम, दुसरी दुर्पता मी आहो."

"चूप वो! आत जा!"

"किती दिवस आत जाऊ? शुद्धीवर येता येता तुमी पयले तेच बोलल्या, फळीवर मुंशीले सांगत होत्या ते. ते माही सून होय, घरीच हाये. मी उशाशीच बसली होती ना."

म्हणजे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तिने सासूला हाताने पेज भरवली होती, तिचे केस विंचरले होते.

"मलेबी भेव लागते, आत्या. रोज लागते."

मॅडमनी टेप थांबवला. त्या सावकाश म्हणाल्या, "कुणाला नाकेदार दिसतो, कुणाला तलाठी. ताप मेंदूत गेला की माणूस ओळखीचंच काही पाहतं, असं मला वाटतं. पक्कं सांगता येत नाही. पण ते दुसरं माणूस त्यापायी गेलं, असं मी ताडून पाहिलेल्या एकाही गोष्टीत निघालं नाही."

एवढ्या बोलण्यातलं 'पक्कं सांगता येत नाही' तेवढंच दुर्पताच्या कानात शिरलं.

"मग नोंद करू? दुसरी दुर्पता आहे म्हणून?" मॅडमनी सुनेला विचारलं.

"करा," सून म्हणाली. आवाज कापत होता, तरी तिने तो चढवला. "दुर्पता. दुर्गेशची बायको. जित्ती हाये!"

दुर्पता धडपडत उठली. तिने एका हाताने पोरीचं तोंड दाबलं, दुसऱ्या हाताने तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि रिकाम्या वाटेकडे पाहत ती कुजबुजली, "हळू बोल ना वो माय. आयकतीन ते."