आपल्या बोलीतला साहेब

ऐंशीच्या दशकात मी सीमेपलीकडे, हिंदी राज्यातल्या सौंसरजवळच्या एका सूतगिरणीत कामाला होतो. तिथले सगळे साहेब हिंदी बोलत. कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला नेमलेला कल्याण अधिकारी तेवढा आमच्या बोलीत बोले, म्हणून आम्ही त्याला आपला समजलो.

शेजारच्या यंत्रावर लोधीखेड्याचा माझा मित्र होता. मुलगा वारल्यापासून त्याला झोप लागत नसे, यंत्रासमोर हात थरथरत. हे फक्त मला ठाऊक होतं.

"साहेबाले सांग," मी म्हणालो.

"बाहेर गेलं तं?"

"नाही जात, भाऊ. आपलाच माणूस हाये."

तो गेला आणि मन मोकळं करून आला. आठवड्याभरात सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, "हाथ काँपते हैं ना तेरे? चल, झाड़ू पकड़!"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "तूच सांगतलं न बे?"

मी तडक अधिकाऱ्याकडे गेलो. तो त्याच गोड बोलीत म्हणाला, "मले वर सांगाच लागते, भाऊ. पगार कोण देऊन राहिला मले?"

"मंग त्याले आंधी काऊन नाही सांगतलं?"

"त्यानं इचारलं कुठं?"

मी हे मित्राला सांगितलं, पण त्याला कधीच पटलं नाही. मला चुगलखोर समजतच तो वारला. त्याच्या घरचे आजही समजतात, त्यांच्यासाठी लिहितो आहे. मी सांगितलं नव्हतं. पण त्या खोलीत त्याला मीच पाठवलं, आणि "हे कोणाकोणाले सांगसान, साहेब?" एवढं आधी विचारून घे, असं म्हणायचं मला सुचलं नाही.