आईची बोली, माझी कमेंट

मंडळी, सकाळी आईचा व्हिडिओ टाकला होता. सारसोळ्याच्या आमच्या घरी ती कोळंबीचं कालवण करतेय आणि आमच्या कोळी बोलीत सांगतेय, "पानी जास्ती नाय घालायचा."

तासाभरात एकाने लिहिलं, "आधी शुद्ध मराठी शिका."

मला लाज वाटली. व्हिडिओ काढून टाकणार होते, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याला इचार, कालवन करून बघितला का?"

मी तिच्याच शब्दांत तसं लिहिलं. ऑफिसात मी जपून 'पाणी' म्हणते. घरची बोली इथे पहिल्यांदाच लिहिली आणि बरं वाटलं.

दुपारी त्याचं उत्तर आलं, "सॉरी ताई. मीठ कधी घालायचं?"

आता आई सांगतेय, मी जसंच्या तसं टाइप करतेय.

तुम्ही घरी बोलता तसं इथे लिहिता का?